अर्जातली दोन वर्षं

मला इंग्रजी ड्राफ्टिंग फार चांगलं येतं. हे मीच सांगतोय, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. एके काळी सांगायचे. मद्रासला मी एका विमा कंपनीत हेड क्लार्क होतो. अवघड पत्र आलं की साहेब ते माझ्या टेबलावर सरकवायचे आणि मी असं उत्तर लिहायचो की वाचणाऱ्याला आपण भांडत होतो की आभार मानत होतो तेच आठवू नये. या एका गुणावर मी अड्यारमधल्या आमच्या गल्लीच्या रहिवासी संघाचा सेक्रेटरी झालो. माझ्यात दुसरा एखादा गुण असल्याचं बायकोच्या तरी अजून लक्षात आलेलं नाही.

घराणं आमचं तंजावरचं. राजांबरोबर आपण इकडे खाली आलो, असं आई सांगायची, ते अशा थाटात, की राजांनी जणू तिलाच विचारून घोडे काढले होते. लढाईत आमचं कोणी पडल्याचं ऐकिवात नाही. आम्ही लिहीत होतो. आधी मोडी लिहिली, मग इंग्रजी. त्यातूनच घरात एक रीत पडली होती. महत्त्वाचा कागद बाहेर जाण्याआधी देवापुढे बसून मोठ्यानं वाचायचा, आणि इंग्रजीत असला तर त्याचा मराठीत अर्थ सांगायचा, कारण देवाला इंग्रजी येत नाही असं आईचं ठाम मत होतं. वाचून झालं की आई 'बरं' म्हणायची. ते 'बरं' आल्याशिवाय पाकिटाला डिंक लागत नसे. माझा नोकरीचा अर्ज, बहिणीच्या स्थळांना गेलेली पत्रं, घरपट्टीची तक्रार, सगळं देवानं ऐकलेलं आहे.

आमच्या मराठीचा दुसरा उपयोग म्हणजे आडोसा. तमिळ मुलखात जन्म काढायचा तर दुकानदाराच्या तोंडावर 'हा लुबाडतोय, ऊठ' असं म्हणायला घरची एक भाषा लागते. पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोर, मुलीच्या मास्तरांसमोर आम्ही बिनधास्त मराठीत बोलायचो. बायको सोलापूरची. तिचं मराठी छापल्यासारखं, माझं जुनं, तमिळच्या हेलाचं. लग्नानंतर काही दिवस ती माझ्या बोलण्यावर हसली, मग कंटाळून दुरुस्त करायला लागली. हे जे तुम्ही वाचताय ते तिनं दुरुस्त केलेलंच आहे. पण आडोशापुरती आम्हा दोघांची मराठी एकच होती.

वडिलांनी घर बांधलं तेव्हा आमच्या गल्लीत ताडाची झाडं जास्त आणि माणसं कमी होती. गल्लीच्या टोकाला कालवा, आणि कालव्याच्या काठावर झावळ्यांच्या चाळीसेक झोपड्या. त्या आमच्या आधीपासून होत्या. खरं तर आमचं घर बांधलं ते तिथल्याच गवंड्यांनी. ऐंशीच्या आसपास गल्ली बदलायला लागली. कोपऱ्यावरचा आंब्याचा बंगला पाडून तिथे फ्लॅट झाले. घेणाऱ्यांना समुद्राचं वारं सांगून ते विकले होते. वारं येत होतं, नाही असं नाही, पण कालव्यावरून येत होतं.

त्या झोपड्यांपैकी एकीत आमच्याकडे भांडी घासणारी बाई राहायची. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिच्याबद्दल एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं. माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हा ती आमच्याकडे लागली, आणि मी सांगतोय त्या वर्षी मुलगी कॉलेजात गेली. तिचा नवरा मालाची तीनचाकी ओढायचा, तो वारला. दोन मुली होत्या, दोघी शाळेत. बाई बोलायला कमी. आम्ही तिच्याशी तमिळमध्ये बोलायचो आणि तिच्याबद्दल मराठीत.

मद्रासच्या उन्हाळ्यात झावळ्यांची छपरं पेटतात. काठावरची वस्तीही दोन उन्हाळ्यांपूर्वी पेटली होती. जीव वाचले, पण रेशनकार्डं, दाखले, सगळं जळून गेलं. बायकोनं तिला साड्या दिल्या, मी एक पत्र्याची जुनी ट्रंक दिली आणि महिनाभर गल्लीत त्या ट्रंकेची गोष्ट सांगत हिंडलो. वस्ती त्याच जागी नव्या झावळ्यांनी उभी राहिली. नवी रेशनकार्डं आली, त्यांवर साहजिकच नवी तारीख होती.

मग संघाची ती बैठक झाली. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनीयर होते. फ्लॅटवाले म्हणाले, डास. कोणी म्हणालं, वास. मनातलं कोणी बोललं नाही, की काठ मोकळा झाला तर आपल्या जागांना भाव येईल. कालव्याकाठची वस्ती हलवावी असा अर्ज सरकारी ऑफिसात द्यायचं ठरलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अहाहा! चाळीस घरं उठवायची होती आणि मला कौतुक होतं ते चार लोक आपल्या लेखणीकडे आशेनं बघताहेत याचं.

मी नियम वाचून काढले. वस्ती जुनी असेल तर सरकारला बदली घरं द्यावी लागत, म्हणून ते काम वर्षानुवर्षं रेंगाळे. नवी असेल तर नुसती नोटीस पुरे. आता खरा ड्राफ्टवाला इथे काय करतो? मी लिहिलं, 'गेल्या दोन वर्षांत उभारण्यात आलेल्या झोपड्या.' खोटं कुठे आहे? झावळ्या दोन वर्षांच्याच होत्या की! बैठकीत एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं, "त्या पूर्वीपासूनच आहेत ना हो?" मी हसून म्हटलं, "सार, ड्राफ्टिंगमध्ये असं लिहावं लागतं." सगळ्यांनी सह्या केल्या. इंजिनीयर तर म्हणाले, वाचताना गोड लागतं.

रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढे अर्ज वाचला. आई पाटावर, बायको दाराशी. इंग्रजी वाचून झाल्यावर मराठीत अर्थ सांगितला, आवाज चढवून, कारण मला माझी वाक्यं आवडली होती. दोन वर्षांपाशी आलो तशी बायको म्हणाली, "अहो, दोन वर्षं? मग मागे विहिरीपाशी भांडी घासतेय ती काय परवा आली?"

"अगं, ते झोपड्यांबद्दल आहे. माणसांबद्दल नाही."

"हळू तरी बोला. ऐकेल ती."

"ऐकू दे. तिला कुठे मराठी कळतंय!"

आईनं एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, पण 'बरं' म्हणाली. मी पाकीट चिकटवलं. त्या दिवशी माझ्या कॉफीच्या पेल्याला कडेला राख राहिली होती, म्हणून मी कुरकुर केल्याचंही मला आठवतं.

काही महिन्यांनी सरकारी माणसं आली. झोपड्यांच्या दारांवर डांबरानं आकडे घातले, कार्डं पाहिली, वहीत लिहून घेतलं. मी पांढरं धोतर नेसून त्यांच्याबरोबर काठावरून फिरलो, त्यांना ताक पाजलं. माझा थाट असा, की लोकांना वाटावं सरकार म्हणजे हाच. आठवड्याभरात यादी लागली. सगळ्या वस्तीपुढे एकच शेरा होता, नवी वसाहत, बदली घर नाही. पंधरा दिवसांत जागा सोडावी. हरकत असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवावी.

आमची बाई दुसऱ्या दिवशी भांडी झाल्यावर पुढच्या दाराशी आली. पुढच्या दारानं ती कधी येत नसे. तमिळमध्ये म्हणाली, "सार, मी किती वर्षं इथे काम करते ते एका कागदावर लिहून द्या. तेवढ्यानं घर मिळेल म्हणतात. मुलींना घेऊन मी कुठे जाऊ?"

मला काय झालं माहीत आहे? मला बरं वाटलं. खरंच सांगतो. आपल्या हातून एका गरिबाचं भलं होणार, म्हणून मी तिला बस म्हटलं आणि कंपनीचा जाड कागद काढला. असा दाखला लिहिला की मुन्सिफाच्या डोळ्यांत पाणी यावं. 'माझी मुलगी पाळण्यात असल्यापासून' वगैरे. आणि उदारपणे रजा टाकून तो स्वतःच सरकारी ऑफिसात घेऊन गेलो.

तिथला अधिकारी तरुण होता, नम्र होता. दाखला त्यानं नीट वाचला. मग फाईल उघडून माझ्याकडे फिरवली. सगळ्यात वर माझाच अर्ज होता.

"सार, ही सही आपली?"

"हो."

"आणि ही?"

"हो."

"मग यातलं खरं कुठलं?"

मी घसा खाकरून झावळ्या आणि माणसं यांतला फरक समजवायला लागलो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमचं पत्र इतकं चांगलं होतं सार, की आमच्या साहेबांनी दोन वर्षांचं वाक्य जसंच्या तसं टिपणात घेतलं. पुन्हा चौकशी करायची गरजच उरली नाही." आणि माझ्या जिवाला लाज नाही बघा. क्षणभर मी सुखावलो. जसंच्या तसं घेतलं म्हणे! तो पुढे म्हणाला, "संघाचं पत्र एका माणसाच्या दाखल्यानं खोडता येत नाही. संघानं लिहून द्यावं. नाहीतर ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः लिहावं, की मी खोटं लिहिलं."

संघानं लिहून देण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनीयर म्हणाले, "ड्राफ्ट तुमचा. आम्ही विश्वासानं सह्या केल्या." फ्लॅटमधले एक डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बाईला गॅरेजात राहू द्या की, एवढं काय त्यात?" मी घरी आलो. शुक्रवारला तीन दिवस उरले होते. आणि मी मनाशी ठरवलं, की आपण प्रयत्न केला, आता जे होईल ते होईल. खोटं लिहिलं असं सही करून देणं म्हणजे कंपनीपर्यंत गोष्ट जायची. सेक्रेटरीपद गेलं असतं ते वेगळंच.

दुपारी मी स्वयंपाकघरात बसून बायकोला आणि आईला हे सगळं मराठीत सांगत होतो. ती मागच्या दाराशी कढई खरवडत होती. मी म्हणालो, "तिला सांगू, की ऑफिसवाले ऐकत नाहीत. माझ्या अर्जाचं तिला कशाला सांगायचं? उगाच मन दुखवायचं."

कढईचा आवाज थांबला. ती उंबऱ्याशी आली, हात राखेचे, आणि म्हणाली, "दोन वर्षं म्हणून तुम्हीच वाचलं कीं, सार. देवापुढं. मी ऐकलं तें."

हे ती मराठीत बोलली. तेही माझ्या आईच्या मराठीत, जुन्या, आमच्या घरच्या, त्याच हेलात.

"अय्यो रामा!" आई म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

आम्हा तिघांना एकमेकांकडे बघायचीही सोय राहिली नव्हती. कारण एवढ्या वर्षांत तिच्या पाठीमागे, म्हणजे तिच्या समोर, काय काय बोललो होतो ते तिघांनाही एकाच वेळी आठवत होतं. चांदीचा चमचा हरवला तेव्हा तिचं नाव कोणी घेतलं होतं. मग तो आईच्याच गाठोड्यात सापडला, तेव्हा 'तिला कळलं नाही ते बरं' असं कोण म्हणालं होतं. कालचा भात आंबायच्या आधी द्यावा की नंतर. दिवाळीला नवी साडी, की बहिणीनं दिलेली, कोणी नेसणार नाही अशी ती भडक हिरवी. आईचं सुनेबद्दलचं मत तिला ठाऊक होतं आणि सुनेचं आईबद्दलचं. ती हिरवी साडीच त्या वेळी तिच्या अंगावर होती. मला इतकी शरम वाटली की मी ताटातल्या ताकाकडे बघत बसलो.

बायकोनंच शेवटी विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस गं?"

ती म्हणाली, "सार देवाला सांगत होते. मला कुठं सांगत होते?"

नंतर ती पुन्हा कढईकडे गेली. मी उठलो, हात धुतले आणि कागद घेऊन बसलो. सांगायला लाज वाटते, पण तिथेही माझी सवय सुटली नाही. पहिला मसुदा असा झाला, की कुठल्यातरी गैरसमजानं काही तपशील अनवधानानं वगैरे वगैरे. तो फाडला. दुसऱ्यात मी चूक कबूल केली, पण फक्त तिच्या घरापुरती. तो घेऊन देवापुढे बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आत बोलावलं. ती देवघराच्या दाराशी उभी राहिली. मी मराठीत वाचून दाखवलं. आई 'बरं' म्हणणार तेवढ्यात ती म्हणाली, "आणि बाकीचे?"

"अगं, आधी तुझं तरी होऊ दे."

"माझ्या शेजारची पण दोन वर्षांची नव्हे, सार. कोणीच नव्हे. तुम्ही सगळ्यांचं लिहिलं होतं."

सगळ्यांचं लिहिलं होतं, हे खरंच होतं. मी तिसरा कागद घेतला. तो चार ओळींचा झाला. माझ्या आधीच्या अर्जातलं दोन वर्षांचं विधान खोटं आहे. ते लिहिताना मला ते माहीत होतं. ही वस्ती माझ्या घराहून जुनी आहे. माझं घर याच वस्तीतल्या लोकांनी बांधलं. बस. वाचून झाल्यावर मी आईकडे पाहिलं. आईनं दाराशी उभ्या बाईकडे पाहिलं. बाईनं ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बरं."

अधिकाऱ्यानं गुरुवारी तो कागद वाचला आणि मला म्हणाला, "सार, हे ड्राफ्ट केलेलं दिसत नाही." कौतुक होतं की काय होतं, मला अजून कळलेलं नाही. त्यानं पावतीचा शिक्का मारला आणि पुन्हा चौकशी लावली. सेक्रेटरीपद मी स्वतः सोडलं. म्हणजे बैठकीला गेलो तर माझ्या खुर्चीवर डॉक्टर बसलेले होते, म्हणून सोडलं. इंजिनीयर संध्याकाळी फिरायला जाताना माझ्या फाटकापुढून मान वळवून जायला लागले. कंपनीला काही कळलं नाही. एवढं घाबरलो होतो ते फुकटच.

चौकशीत वस्ती जुनी ठरली. चाळीसही घरांना बदली घरं मंजूर झाली, पक्की, सिमेंटची, नळासकट. गल्लीत मी एकटाच ताठ मानेनं चालत होतो. मग पत्ता कळला. पेरुंगुडीच्याही पलीकडे, दलदलीच्या कडेला. तिथे आज काचेच्या इमारती आणि ऑफिसं झाली आहेत म्हणतात. तेव्हा तिथे बगळे होते आणि ती नवी घरं होती. अड्यारहून जायचं तर आधी एक बस, मग ती सोडून बांधावरून चालत जायचं.

ट्रक आले त्या सकाळी ती आमच्याकडे येऊन नेहमीसारखी भांडी घासून गेली. बायकोनं नवीकोरी साडी दिली, दुकानाच्या घडीतली. ती "येतें" म्हणाली. संध्याकाळपर्यंत काठ मोकळा झाला, डास मात्र राहिले. मी खिडकीतून बघत होतो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा पहिला अर्ज मंजूर झाला आणि दुसराही झाला. असं भाग्य कुठल्या ड्राफ्टवाल्याच्या वाट्याला येतं?

दुसरी बाई मिळायला वेळ लागला. तोवर बायको घासायची, मी पुसायचो. नव्या बाईला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी तिच्यासमोर आम्ही आवाज खाली करायला शिकलो. आई तर तमिळमध्येच बोलायला लागली.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी ती आली. पायाला गुडघ्यापर्यंत चिखल, बरोबर धाकटी मुलगी. आणि आली ती पुढच्या दारानं. घर कसं आहे, विचारलं. चांगलं आहे म्हणाली, गळत नाही, पेटत नाही. पण सकाळी बांधावरून बसपर्यंत जाईतो कामावर उशीर होतो. चार घरची कामं सुटली. मोठीनं शाळा सोडली, आता धाकटी सोडेल. वस्तीपर्यंत बस यायला हवी.

"अर्ज लिहा, सार," ती मराठीत म्हणाली. मी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि सवयीनं देवघराकडे वळलो. तिनं माझ्यासमोर जमिनीवर बैठक मारली.

"आधी मला वाचून दाखवा," ती म्हणाली. "देवाला मग."

बस यायला दोन वर्षं लागली. ही दोन वर्षं मात्र खरी आहेत. तोवर धाकटीची शाळा सुटली होती.